साहेबांच्या घरच्या सुऱ्या

चंद्रभागेला राग यायचा असं म्हणणं चुकीचं होईल. राग तिच्याकडे कायमचा मुक्कामालाच होता. सकाळी नळाला पाणी उशिरा आलं की पाणी सोडणाऱ्यावर, मग पाणचट दूध घालणाऱ्यावर, मग सडके टोमॅटो खाली आणि चांगले वर लावून ठेवणाऱ्या भाजीवाल्यावर, आणि एवढ्यांना वाटून जो उरायचा तो नवऱ्यावर. शेजारणी म्हणायच्या, चंद्रभागाबाई शांत बसल्या की आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघावा, ताप असेल. पण ह्या सगळ्या रागांमध्ये एक राग जुना होता, मुरलेला होता, आणि तो सुरीचा होता.

तिचा नवरा मल्हारी नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ग्राइंडर होता. म्हणजे दिवसभर लोखंडाला धार लावणं हेच त्याचं काम. आणि अशा माणसाच्या बायकोच्या हातात सुरी कसली, तर टोमॅटोवर ठेवली की टोमॅटोचा जागच्या जागी रस्सा व्हायचा, तसली!

सिडकोत त्यांचं घर झालं ते नव्वदीच्या पहिल्या दोनतीन वर्षांत. तोवर ती विळीवरच चिरायची. पण गुडघे कुरकुरायला लागले होते आणि नव्या घरात उभ्याचा ओटा होता. तिनं विळी माळ्यावर टाकली आणि सुरी घ्यायला भांडी बाजार गाठला. दुकानदारानं एक चकचकीत सुरी पुढे केली.

"स्टेनलेस आहे बाई. जन्मात गंजणार नाही."

आठवडाभरानं तीच सुरी तिनं त्याच्या गल्ल्यावर आणून आपटली. "गंजत नाय हे खरं हाय. पण कापत बी नाय. मग चमचे म्हणून विका ना, लोकांना फसवता कशाला?"

दुकानदारानं बदलून दिली. ती दुसरीही तसलीच निघाली. मग त्र्यंबकेश्वरला नणंदेकडे गेली असताना रस्त्याकडेच्या लोहाराकडून तिनं लोखंडी सुरी घेतली. ती कापायची चांगली, पण कांद्याला काळं लावायची आणि एक रात्र जरा ओली राहिली की सकाळी तांबडी. दारावर सायकल घेऊन धारवाला यायचा. तो पायडल मारून ठिणग्या उडवायचा, निम्मं पातं झिजवायचा, आणि तिसऱ्या दिवशी सुरी पुन्हा होती तशी. त्या धारवाल्याला तिनं एकदा गल्लीच्या टोकापर्यंत शिव्या घालत सोडलं होतं.

तरी असल्या भिकार सुऱ्यांनासुद्धा ती जपायची. ओट्याच्या बाजूच्या भिंतीला तिनं लाकडाची एक पट्टी ठोकून घेतली होती, फटीसकट. काम झालं की सुरी धुवायची, लगेच कोरडी पुसायची, त्या फटीत उभी खोचायची. एकदा तिच्या मुलीनं, पल्लवीनं, सुरी खरकट्या भांड्यांत टाकली. झालं. "भांड्यावर आपटून धार मरती, आणि भांडी घासणारीचं बोट जातं ते येगळं! सुरी काय उलथणं हाय का?" पल्लवी कॉलेजात जायला लागली तरी सुरी पुसताना एकदा आईकडे बघून घ्यायची.

तर हा राग घेऊन ती एकदा यादवसाहेबांच्या वास्तुशांतीला गेली. यादवसाहेब म्हणजे मल्हारीचे वरचे साहेब, त्यांनी इंदिरानगरला बंगला बांधला होता. कामगारांच्या बायकांना बोलावणं होतं. बोलावणं कसलं, स्वयंपाकघरात मदतीला माणसं हवी होती. साहेबांची बायको तृप्तीमॅडम. त्यांनी चंद्रभागेपुढे कांद्यांची पाटी सरकवली आणि हातात एक सुरी दिली. दिसायला काहीच नाही. काळपट पातं, तपकिरी फायबरची मूठ, पितळी रिबिटा. पण पहिल्या कांद्यातून ती अशी गेली की चंद्रभागेचा हात ओट्यावरच थबकला. तिनं कागदासारख्या चकत्या पाडल्या. डोळ्याला पाणीसुद्धा आलं नाही. सबंध पाटी संपली तरी तिला सुरी खाली ठेववेना.

"मॅडम, कुठनं आणली ही?"

"आणायची कशाला? कंपनीत बनवून देतात की. सगळ्या साहेबांकडे आहेत."

आता कंपनीत ह्या सुऱ्या कोण बनवत असणार, ते चंद्रभागेला कुणी सांगायला नको होतं. बाकीचं जेवण तिनं कसं गिळलं ते तिचं तिला माहीत. घरी येऊन तिनं मल्हारीला चप्पल काढायचीही उसंत दिली नाही.

"आख्ख्या इंदिरानगरला तुमच्या सुऱ्या! आणि मी इथं डब्याच्या पत्र्यानं कांदा कापती!"

मल्हारी मवाळ माणूस. आवाज चढवणं त्याला जमायचंच नाही. तो म्हणाला, "लोखंड कापायच्या आरीचं पातं झिजलं की भंगारात जातं. साहेब म्हणतात त्याची सुरी बनव, मी बनवतो. सायबानं सांगितलं की ते काम. मी घरी आणली की ती चोरी."

"अन् सायब घरी नेतो ती?"

तो चप्पल काढायला वाकला. त्याच्या नकारामागे दुसरंही काहीतरी होतं, आणि ते चंद्रभागेलाही ठाऊक होतं. गावातून नाशकात आला तेव्हापासून त्यानं एक पाहिलं होतं, की त्याचं नाव-गाव कळलं की गेटवर त्याला इतरांपेक्षा एकदा जास्त चाचपतात. त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही. पण मशीन पुसायची चिंधीसुद्धा चुकून खिशात राहिली तर तो अर्ध्या वाटेतून परत जाऊन ठेवून यायचा. घरातल्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट करून तो म्हणायचा, "आपल्याला चोर म्हणायला लोक टपलेलेच असतात. त्यांना आपण कारण द्यायचं नाय." हा माणूस सुरी आणणार नव्हता. हे कळायचं, म्हणून तर चंद्रभागेचा राग जास्तच धुमसायचा. कारण जो बरोबर आहे त्याच्यावर रागावण्यात काही मजा नसते.

दरवर्षी दिवाळीच्या आधी एका रविवारी मल्हारी पिशवी घेऊन निघायचा. साहेबांच्या घरोघर जायचा, वर्षभरात बोथट झालेल्या सुऱ्या गोळा करायचा, साहेबांच्या गाडीतून कंपनीत नेऊन धार लावायचा आणि तशाच परत पोचवायचा. एखादी बाई फराळ द्यायची. पिशवी घेऊन तो निघाला की चंद्रभागा दार जरा जोरातच लावून घ्यायची. नवं शतक उजाडलं तरी हे असंच चालू होतं.

मग एका पावसाळ्यात ती भोपळा कापत होती. बोथट सुरीला जोर लागतो, आणि जोर लावला की ती घसरते. ती घसरली आणि अंगठ्याच्या बुडाशी खोल गेली. टाके पडले. मल्हारीनं तिला दवाखान्यातून आणलं आणि पट्टीवर पट्टी बांधलेल्या त्या हाताकडे बघत तो संध्याकाळभर बसला. चंद्रभागेनं त्या दिवशी त्याला काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो यादवसाहेबांपुढे जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागत होता. "सायब, भंगारातल्या पात्याची एक सुरी घरी नेऊ का? बायकोचा हात कापलाय."

"अरे, ने की! त्यात विचारायचं काय?" साहेब म्हणाले आणि फोन घ्यायला वळले.

आता खरी चूक झाली, आणि ती मल्हारीसारखाच माणूस करू जाणे. साहेब गाडीतून सुऱ्या न्यायचे, गाडीची झडती कुणी घेत नसे. एखाद्या बेरक्या कामगारानं पोटाशी बांधून नेली असती. मल्हारीनं सुरी फडक्यात गुंडाळली, डब्याच्या पिशवीत अगदी वर ठेवली, आणि गेटवर आपणहून पिशवी उघडून वॉचमनला म्हणाला, "सुरी हाय बघ. यादवसायबांना इचारून आणलीय."

वॉचमन झिपरू. कंत्राटावर नवा लागलेला, पेठ तालुक्याकडचा साधा गडी. कंपनीतून तांब्याच्या तारा गायब होत होत्या म्हणून त्याला वरून दम मिळालेला, पासाशिवाय खिळासुद्धा जाऊ द्यायचा नाही. त्यानं विचारलं, पास आहे का. पास नव्हता. झिपरूनं वर कळवलं. वर नुकताच पुण्याहून एक नवा मॅनेजर आला होता आणि त्याला कुणालातरी धडा शिकवून दाखवायचा होता. यादवसाहेबांना बोलावलं. ते म्हणाले, "मी परवानगी दिली? मला तरी आठवत नाही."

आठवत नाही! ज्याच्या घरी स्वयंपाकघरात मल्हारीची सुरी, ज्याच्या सासुरवाडीला मल्हारीची सुरी, ज्याच्या मेव्हण्यानं हट्टानं मोठी मागून घेतली, त्याला आठवत नाही!

मल्हारीला सस्पेंड केलं. चौकशी लागली. त्याला सांगण्यात आलं, चोरी केली असं कबूल कर, लिहून दे, मग शिक्षा कमी करता येते का बघू. नाही केलंस तर काढून टाकू. रिटायर व्हायला थोडीच वर्षं राहिली होती. मल्हारी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. जेवायला उठेना. सिडकोत बातमी पसरायला वेळ लागत नाही. पिठाच्या गिरणीत चंद्रभागा गेली की बोलणं थांबायचं. पल्लवीला बघून गेलेल्या लोकांनी निरोपच पाठवला नाही. ज्या एका शब्दाला हा माणूस जन्मभर भ्याला, तो शब्द त्याच्या दाराशी येऊन बसला होता.

"लिहून देतो मी," तो एका सकाळी म्हणाला. "भांडण वाढवून काय व्हणार?"

"काय लिहून देता? चोर हाय म्हणून?"

"नोकरी तर राहील."

चंद्रभागेनं चहाचं आधण गॅसवरून उतरवलं. ती ओरडली नाही. तिनं कोपऱ्यातली ती पिशवी उचलली, दिवाळीच्या आधी मल्हारी न्यायचा ती, आणि ती बाहेर पडली. दिवाळी जवळ आलीच होती.

इंदिरानगरातली ती घरं तिला माहीत होती. बेल वाजवायची, दार उघडलं की म्हणायचं, "सुऱ्या धारंला न्यायच्यात." बास. ह्या वेळी बाई का आली, असं एकीनंही विचारलं नाही. कामगारावर काय वेळ आलीय हे त्या घरांत पोचलंच नव्हतं, किंवा पोचलं तरी त्याचा आपल्या सुरीशी काही संबंध आहे असं कुणाला वाटलं नाही.

आणि एकेक सुरी हातात येत गेली तसा तिचा राग चढत गेला. ह्याच त्या सुऱ्या, ज्यांच्यासाठी ती इतकी वर्षं जळत होती! एक मोरीतल्या ओल्या भांड्यांखालून काढून दिली, पात्यावर गंजाचे फोड. एकीनं डब्याची झाकणं उचकटून टोक मोडलं होतं. एक बाहेर कुंडीत माती उकरायला खोचलेली, मॅडमनं नळाखाली धरून दिली. एका घरी खणातल्या किल्ल्या, स्क्रू आणि झाऱ्यांच्या गर्दीत पडून धारेचे दाते झाले होते. तृप्तीमॅडमकडच्या सुरीची मूठ गॅसवर जळली होती. "बोथट झालीय हो फार," त्या म्हणाल्या. "ह्या वेळी जरा नीट लावा म्हणावं." चंद्रभागेनं दात आवळून मान हलवली आणि सुरी पिशवीत टाकली. तिच्याकडे ती असती तर भाजीत मीठ-मिरची घालायच्या आधी तिनं सुरी पुसली असती. तिला रस्त्यात रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

चौकशीच्या दिवशी मल्हारीबरोबर तीही निघाली. गेटवर झिपरूनं अडवलं. "मावशी, तुमाला आत नाय जाता येयाचा."

"सायबांच्या घरच्या सुऱ्या हायेत. त्यांनाच द्यायच्यात. बघ." तिनं पिशवी उघडून दाखवली.

साहेबांचं नाव ऐकून त्यानं सोडलं. मल्हारीला पिशवीत काय आहे ते तेव्हा कळलं. तो जागीच उभा राहिला. "चंद्रा, नको," तो म्हणाला. पण ती पुढे गेली होती.

खोलीत नवा मॅनेजर होता, यादवसाहेब होते, आणखी दोघंतिघं साहेब होते. टेबलावर फडक्यात मल्हारीची सुरी पुरावा म्हणून ठेवलेली. कुणी काही म्हणायच्या आत चंद्रभागेनं पिशवी उलटी केली. टेबलाच्या काचेवर सुऱ्या खणखणत पडल्या. तपकिरी मुठी, पितळी रिबिटा, सगळ्या एका हातच्या.

"ह्यातली चोरीची कोणची, ती काढून दाखवा," ती म्हणाली.

"हे काय आहे? ह्या बाई कोण?" मॅनेजर म्हणाला.

"मी चोराची बायको. अन् ही तुमच्या घरची भांडी. ही यादवसायबांची, मूठ जळलीय बघा. तृप्तीमॅडमनी काल आपल्या हातानं दिली. सांगा ना सायब, आता तरी आठवतंय का?"

यादवसाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. दुसऱ्या साहेबांना एकदम खोकला झाला. प्रत्येकाला आपली सुरी ओळखू आली होती आणि एकाचाही हात पुढे होत नव्हता. मॅनेजर पुण्याचा होता, नवा होता, त्याच्या घरी सुरी अजून पोचलेली नव्हती. त्यानं सुऱ्यांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "ह्यांच्यापैकी कुणाकडे पास आहे?" त्यानं विचारलं. साहेब एकमेकांकडे बघायला लागले.

मग सगळं भराभर झालं. दोघा नवरा-बायकोला बाहेर बसवलं, परत बोलावलं. मल्हारीची इतक्या वर्षांची सेवा लक्षात घेऊन कंपनी मोठ्या मनानं ह्या वेळी माफ करत आहे, त्यानं उद्यापासून कामावर यावं, असं सांगितलं.

"माफ?" चंद्रभागा म्हणाली. "कशाबद्दल माफ?"

पण मल्हारीनं हात जोडले होते. "लय उपकार झाले सायब," तो म्हणाला. आणि त्यानं काय करावं? तो पुढे झाला आणि टेबलावरच्या सुऱ्या एकेक करून पिशवीत भरायला लागला. "उद्याच धार लावून देतो सगळ्यांना."

चंद्रभागेनं त्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि पुन्हा टेबलावर रिकामी केली. त्यातली आपली एक, फडक्यातली, तिनं उचलली. "ज्याची त्यानं न्या," ती म्हणाली आणि नवऱ्याचा दंड धरून त्याला बाहेर काढलं. त्या सुऱ्या मागून कुणी उचलल्या, कुणाची कुणाकडे गेली, ते तिला कधीच कळलं नाही.

बसथांब्यापर्यंत मल्हारी पुढे चालत राहिला. तिथं पोचल्यावर तो वळला, आणि इतक्या वर्षांच्या संसारात तिनं न ऐकलेला आवाज त्याच्या तोंडून निघाला.

"काय मिळवलंस? नोकरी हातापाया पडूनबी वाचली असती! त्या घरांमधी माझं नाव होतं. मशीनवर माझ्यासारखे पन्नास हायेत, पण त्या घरांमधी मल्हारीची सुरी म्हणायचे. दिवाळीला बाया हसून दार उघडायच्या. माझं एवढंच होतं. ते घालवलंस तू!"

एक गोष्ट चंद्रभागेनं पोटात ठेवली होती. सांगायची नाही असं ठरवलं होतं. पण राग कुणाचं ठरवलेलं ऐकतो?

"नाव?" ती ओरडली. "मी पहिल्या दारात सांगितलं, मल्हारीकडून आले. बाई म्हणती, कोण मल्हारी? दुसऱ्या दारात तेच. मग मीच म्हणाले, धारवाल्याकडून आले. तवा सुऱ्या आल्या बाहेर. सगळ्या घरांत तुम्ही धारवाले हायत! तृप्तीमॅडमला बी नाव ठाऊक नाय तुमचं!"

बोलली आणि तिचं तिलाच भाजलं. मल्हारीचा चेहरा असा झाला की तिनं नजर फिरवली. इतकी वर्षं तिनं ह्याला त्याला किती बोलून घेतलं, पण शब्द परत घ्यावासा वाटला तो एवढाच. बस आली, थांबली, निघून गेली. दोघांपैकी कुणी चढलं नाही. मग हात पुढे करून तो म्हणाला, "सुरी दे इकडं." तिनं दिली. त्यानं ती शर्टाच्या आत धरली आणि दोघं अंबडपासून घरापर्यंत चालत गेले, तो पुढे आणि ती मागे.

सुरी ओट्यावर आली. चंद्रभागा त्या सुरीनं कांदा चिरायची, मेथी चिरायची, आणि हात कितीही हलका चालला तरी तिला ती यादवसाहेबांच्या घरच्या त्या पहिल्या सुरीसारखी आवडायची नाही. बसथांब्यावरचं ते तोंड आठवायचं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मल्हारी कामावरून आला आणि पाय धुऊन ओट्यापाशी येऊन उभा राहिला. एरवी तो स्वयंपाकघरात यायचा नाही.

"आज यादवसायब मशीनपाशी आलते," तो म्हणाला. "जसं काय झालंच नाय असं बोलत होते. म्हणाले, घरची सुरी पार गेली रे, मॅडम कटकट करतात. एक नवीन करून टाक."

चंद्रभागेचा हात थांबला. "मग?"

"मी म्हणलं, भांडी बाजारात मिळती सायब. बघून घ्या."

"असं म्हणलात? अन् ते काय म्हणाले?"

"काय जाणो," मल्हारी म्हणाला. "मी मशीन चालू केलं."